प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर पदवीला कोणता विषय घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी विज्ञानला आहे, पुण्यातच राहून शिकायचंय आणि पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचंय, तर मराठी, मानसशास्त्र की गणित, कशात पदवी घ्यावी?

विषयाच्या आधी क्रम ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवण्याची पात्रता डी.एल.एड.मुळे मिळते, पदवीच्या विषयामुळे नाही. डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचं डी.एड., बारावीनंतर दोन वर्षांचं. त्यानंतर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १ उत्तीर्ण व्हावा लागतो. पदवी तुम्ही नंतर घेतलीत तरी चालतं. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि मग बी.एड. केलंत, तर पाच वर्षं घालवूनही पहिली ते पाचवीचं दार बंदच राहतं. २०१८ मध्ये एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) बी.एड.वाल्यांना प्राथमिकसाठी मुभा दिली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती अमान्य ठरवली. तरीही ‘बी.एड. म्हणजे वरची पदवी, मग खालचे वर्ग आपोआप आलेच’ असं अजून सर्रास सांगितलं जातं. तो सल्ला ऐकू नका. खासगी शाळांच्या जाहिरातीत प्राथमिकसाठी बी.एड. मागितलेलं दिसेल, पण त्यावर आयुष्याची आखणी करणं धोक्याचं आहे.

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. खुल्या वर्गाला किमान ४९.५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४४.५. शाखा कोणतीही चालते. ही ऑनलाइन प्रक्रिया सदाशिव पेठेतली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. बारावीच्या निकालानंतर त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. विद्यालय निवडताना एनसीटीईची मान्यता तपासाच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सराव पाठ आणि आंतरवासिता (शाळेत राहून घ्यायचा प्रत्यक्ष अनुभव) कोणत्या शाळेत होतात ते तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. जिथे पाठ टाचणाच्या (धड्याच्या आखणीच्या) वह्या फक्त सह्यांपुरत्या भरल्या जातात, तिथे दोन वर्षं जातील आणि हाती काहीच लागणार नाही.

हे इतकं ठासून का सांगतोय, ते एका उदाहरणावरून बघा. हातच्याची वजाबाकी शिकणाऱ्या वर्गात फळ्यावर ५२ − २७ लिहा. काही मुलांचं उत्तर ३५ येतंच येतं. ही मुलं निष्काळजी नसतात. त्यांनी ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हा नियम मनाशी धरलेला असतो, म्हणून एककाच्या घरात सातातून दोन काढून ती मोकळी होतात. अशा वेळी ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घे’ असं सांगितलं तर गोंधळ वाढतो, कारण मुलाला खरोखर एकच आणल्यासारखं वाटतं. त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. सात काड्या द्यायला सांगा. सुट्या पुरत नाहीत हे त्यालाच कळतं. मग एका गठ्ठ्याचा रबर त्याच्याच हाताने काढू द्या. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. त्यातून सात सुट्या गेल्या, दोन गठ्ठे गेले, राहिले पंचवीस. हे चार-पाच वेळा हाताने झाल्यावरच वहीत मांडणी आणायची. गणितातली पदवी हे शिकवत नाही, मानसशास्त्रातलीही नाही. ते सराव पाठातच शिकायला मिळतं, तेही मागे बसून बघणारं कुणी जाणकार असेल तर.

आता पदवीचा विषय. तो कामाला येतो सहावी ते आठवीसाठी. तिथे शिक्षक पदवीधर लागतो आणि पदं भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र अशा गटांत असतात. टीईटीच्या पेपर २ मध्येही १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे असतात. तुम्ही विज्ञान शाखेचे आहात, तर माझं मत स्पष्ट आहे: डी.एल.एड. झाल्यावर गणित किंवा भौतिकशास्त्र मेजर घेऊन बी.एस्सी. करा. बारावीनंतर एकदा कला शाखेकडे वळलात की पुन्हा बी.एस्सी.कडे येणं फार कठीण, उलट वाट मात्र नेहमी मोकळी असते. बी.एस्सी.ला प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे नोकरी सांभाळून करायची पदवी म्हणून ती जड जाते. ज्यांना नोकरीसोबतच शिकायचंय त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी, इतिहास अशा विषयात बी.ए. करावं.

मानसशास्त्राचं आकर्षण समजू शकतो, पण शाळेत सहावी ते आठवीला तो विषयच नाही. टीईटीला लागणारं बालमानसशास्त्र डी.एल.एड.मध्ये येतं. आवड असेल तर मायनर म्हणून जरूर घ्या. मराठी मनापासून आवडत असेल तर तीही उत्तम निवड आहे. इंग्रजीचाही विचार करा. मराठी शाळांत ती २००० सालापासून पहिलीपासून आहे.

टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग, प्रत्येकी ३० गुणांचे. वेळ अडीच तास, नकारात्मक गुण नाहीत, खुल्या वर्गाला ९० गुण लागतात. बहुतेकांचे गुण जातात ते गणितात आणि अध्यापनशास्त्रात. गाइड पाठ करण्याआधी बालभारतीची पहिली ते आठवीची गणिताची आणि परिसर अभ्यास-विज्ञानाची पुस्तकं सोडवून काढा. ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी टीईटीनंतर आणखी एक वेगळी परीक्षा असते, टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं. अभ्यास झालेला असूनही वेगात मागे पडून उमेदवार इथे अडकतात, तेव्हा घड्याळ लावून सराव करा. निवड पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून होते. तिथे दहावी, बारावी आणि डी.एल.एड. कोणत्या माध्यमातून झालं हेही बघतात, त्यामुळे ज्या माध्यमाच्या शाळेत शिकवायचंय त्याच माध्यमातून डी.एल.एड. करा. टेट दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. म्हणूनच पदवी त्या मधल्या काळात बसवणं शहाणपणाचं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून दरमहा १६,००० रुपये मानधन असतं. पुण्यात घरभाडं देऊन त्यात भागत नाही, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

दुसरा मार्ग आयटीईपीचा, म्हणजे चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमाचा. बारावीनंतर एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवी व बी.एड. एकत्र मिळतं. त्यात पायाभूत (दुसरीपर्यंत), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), मध्य (सहावी ते आठवी) असे शालेय टप्पे वेगवेगळे आहेत. तुम्हाला हव्या त्या वर्गांचाच टप्पा त्या संस्थेत आहे ना, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्या.