केस मिटली म्हणून ‘नाही’ लिहू नका

प्रश्न : मुलगा पोलीस शिपाई भरतीत निवडला गेलाय. आता साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरायचा आहे. २०२१मध्ये बांधावरून माझं भावकीशी भांडण झालं, तेव्हा तक्रारीत माझ्याबरोबर त्याचंही नाव घातलं. कलम ३२३, ५०४, म्हणजे साधी मारहाण आणि मुद्दाम अपमान. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. मी म्हणतो, गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिही. तो ऐकत नाही, घरात अबोला आहे. त्याला समजवा.
– एक वडील

उत्तर : दादा, समजावायचं आहे ते तुम्हाला. भांडण तुमचं, बांध तुमचा, पोराचं नाव त्यात ओढलं गेलं. आता त्याच भांडणापायी तुम्ही त्याला खोट्या माहितीखाली सही करायला लावताय. मैदान त्याने मारलं, लेखी त्याने काढली, नोकरी गेली तर तीही त्याचीच जाणार. तुमची भीती मला कळते, पण तिचं ओझं त्याच्यावर टाकू नका. तो बरोबर आहे.

‘केस मिटली म्हणजे नव्हतीच’ हा समज गावोगावी आहे आणि त्यापायी हातातोंडाशी आलेल्या नोकऱ्या जातात. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो, हे खरं. पण नमुन्यात फक्त शिक्षा झाली का एवढंच विचारत नाहीत. अटक, खटला, सगळं विचारतात. आणि खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र, ही सूचना त्याच कागदावर छापलेली असते. शिवाय तो ज्या खात्यात निघालाय, तेच खातं पडताळणी करणार. पोलीस ठाण्यातली नोंद तडजोडीने पुसली जात नाही.

अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माहिती खरीच द्यायला हवी. किरकोळ गुन्हा असेल तर नियुक्ती देणारा तो सोडून देऊ शकतो. खरं लिहिलं की नेमणूक पक्की, असं मात्र नाही. अंतिम निर्णय खात्याचा. तरी अशा किरकोळ प्रकरणात खरं लिहिणाऱ्याकडे मांडायला बाजू असते. लपवणाऱ्याची बाजू पहिल्याच प्रश्नाला पडते.

कोर्टात अर्ज करून तडजोडीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल घ्या. नमुन्यात पोलीस ठाणं, गुन्हा आणि केस नंबर, कलमं, निकालाची तारीख लिहून ती जोडा. शिक्षणासाठी किंवा अकॅडमीसाठी तो बाहेरगावी राहिला असेल, तर पत्ते नमुन्यात विचारल्याप्रमाणे पूर्ण द्या. भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स ठेवा.

नमुना मात्र त्यालाच भरू द्या. आणि आज जेवताना आधी तुम्ही बोला.