सेकंडहँड स्पोर्ट्स कार नुकतीच घेतली आहे. गाडीची ओळख करून घ्यायला सुरुवात कुठून करू?

टायरपासून. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. अशा गाड्या बरेचदा नुसत्या झाकून ठेवलेल्या असतात. किलोमीटर कमी, रबर मात्र कडक.

मग इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ‘आत्ताच बदललंय’ असं आधीचा मालक म्हणाला असेल, पण बिल दाखवलं नसेल तर त्यावर विसंबू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं असेल तर सलग जोरात ब्रेक मारल्यावर ते उकळतं आणि पेडल भसकन खाली जातं.

थंड इंजिन ताणू नका. कूलंटचं तापमान दाखवणारा काटा मधोमध आला तरी ऑइल तापायला अजून काही मिनिटं लागतात.

गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना जात असेल, तर वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. वजन पुढे सरकतं, मागच्या चाकांची पकड सुटते नि गाडी गर्रकन फिरते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायच्या बटणाला तर निदान पहिले काही महिने हातच लावू नका.