‘कोको’ जरूर दाखवा, पण मध्ये थांबवू नका

तुम्ही लिहिलंय की आजोबा नुकतेच गेलेत, मुलगी सात वर्षांची आहे आणि ‘कोको’ (मिगेल नावाचा मेक्सिकन मुलगा मृतांच्या जगात जाऊन पोचतो, तो पिक्सारचा अ‍ॅनिमेशनपट) आत्ता दाखवावा की वर्षभर थांबावं, ते ठरत नाहीये. २०१७ मध्ये तो आपल्याकडे लागला तेव्हा आम्ही नेमक्या याच पेचात होतो. सासूबाई जाऊन फार दिवस झाले नव्हते. म्हणून सविस्तर लिहितेय. पुढे कथानक उघड होणार आहे.

रंग, झेंडूच्या पाकळ्यांचा पूल, सांगाड्यांच्या गमतीजमती यांबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल, ते सोडते.

आमचा घात केला मध्यंतराने. मूळ सिनेमाला मध्यंतर नाही, आपली थिएटरं सोयीनुसार कुठेही कापतात. आम्ही गेलो तिथे तो कापला चिचारोनच्या प्रसंगानंतर. जिवंत माणसांत त्याची आठवण असलेलं कुणी उरत नाही, म्हणून हा म्हातारा पडल्या जागी विरून जातो. लगेच दिवे लागले, जाहिराती सुरू झाल्या, आणि मुलाने विचारलं, “मी आजीला विसरलो तर तीपण अशीच जाईल?” त्यानंतर कित्येक रात्री तो झोपताना आजीचं नाव पुटपुटत असे. व्यवस्थापकांशी बोलले तर म्हणे, “मॅडम, इंटर्व्हल वरून ठरतं.” लेखी तक्रारीला उत्तरच नाही. मुलांच्या सिनेमाला कात्री लावणाऱ्याने तो आधी एकदा बघावा, एवढीही अपेक्षा करायची नाही का? दिग्दर्शक ली अंक्रिच यांनी या प्रसंगानंतर थोड्याच वेळात गाण्याची धमाल स्पर्धा ठेवली आहे. मुलांना तिथे श्वास घेता येतो. आमच्याकडे त्याऐवजी पॉपकॉर्नची रांग आली.

आता सिनेमाचा खरा दोष. विसरलात की माणूस कायमचा संपला, आणि मृतांच्या सणाला घरच्यांनी फोटो मांडला नसेल तर त्याला घरी यायलाही बंदी, हा नियम फार निष्ठुर आहे. आपल्या कितीतरी पणज्यांचा एकही फोटो नाही! आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. मेक्सिकोतही काही घरांत कुणी वाली नसलेल्या आत्म्यांसाठी काहीतरी ठेवतात. म्हणजे मृतांच्या जगाच्या वेशीवर फोटो तपासणारा तो नाका परंपरेतला नाही, पिक्सारने रचलेला आहे. शेवटी हेक्टरचा, म्हणजे मिगेलच्या पणजीच्या वडिलांचा, फोटो लागतो, पण विस्मृतीत गेलेल्यांच्या त्या वस्तीचं काय झालं, हे सिनेमा विचारतही नाही. ते मला आजही खटकतं. हेक्टरला मित्रानेच विष दिल्याचा उलगडाही सात वर्षांच्या मुलीला जड जाईल, तेव्हा जवळ बसा.

एवढं असूनही दाखवा म्हणते, ते एका गाण्यासाठी. ‘रिमेंबर मी’ आधी दिमाखदार रंगमंचीय गाणं म्हणून येतं, मग हेक्टरने लेकीसाठी रचलेली अंगाई म्हणून, आणि शेवटी मिगेल ते त्याच लेकीपाशी, आता म्हाताऱ्या झालेल्या आपल्या पणजीपाशी, मामा कोकोपाशी बसून म्हणतो. गाणं तेच, पण दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. २०१८ चं ऑस्कर त्याला मिळालं ते योग्यच होतं. ती थकलेली म्हातारी हळूहळू सुरात सूर मिसळते, तेव्हा आमचा मुलगा पहिल्यांदा आजीसाठी मोकळेपणी रडला. त्याआधी तो नुसता गप्प असायचा.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, प्रत्येक मूल वेगळं असतं. मुलगी जेवत-झोपत नसेल तर सिनेमाचं राहू द्या, आधी डॉक्टरांशी बोला. नाहीतर घरीच लावा, थिएटरच्या खास खेळाच्या फंदात पडू नका. चिचारोनच्या प्रसंगाला कुणालाही पॉज करू देऊ नका, फोन आला तरी. तिने विसरण्याचं विचारलंच तर स्पष्ट सांगा की हा नियम सिनेमावाल्यांनी केलाय, आपल्या आजोबांना तो लागू नाही. आम्हाला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, पण पटलं. आणि रात्री नको, दुपारी लावा. १०५ मिनिटांचा आहे, खाणंपिणं आधी उरकून घ्या, म्हणजे नंतर तिच्याशी बोलायला संध्याकाळ मोकळी राहील.