अ‍ॅट्रोपिन विष मारत नाही, मग करतं काय?

प्रश्न : पराटीवर (कपाशीवर) मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारताना धाकट्या भावाला विषबाधा झाली. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक दिली. दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला, अंगही तापलं. औषध जास्त झालं, की विष उतरलंच नव्हतं?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : अ‍ॅट्रोपिन विषाला हातही लावत नाही. मोनोक्रोटोफॉस शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं रसायन, मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचतं आणि पेशींवरच्या रिसेप्टरना, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या जागांना, चेतवतच राहतं. लाळ, घाम, बारीक बाहुल्या, मंद नाडी ही त्याचीच लक्षणं. जीव जातो तो बहुधा छाती पाण्याने भरून श्वास कोंडल्यामुळे.

रिसेप्टरला चेतवतो तो अ‍ॅगोनिस्ट. नुसती जागा अडवतो तो अँटागोनिस्ट, आणि अ‍ॅट्रोपिन हा अँटागोनिस्ट आहे. त्याची आणि अ‍ॅसिटिलकोलिनची चढाओढ एकाच जागेसाठी, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन जितकं साचलेलं तितकं अ‍ॅट्रोपिन जास्त लागतं. मोठ्या माणसाला सुरुवातीला 1.8 ते 3 मिलिग्रॅम, म्हणजे 0.6 मिलिग्रॅमच्या 3 ते 5 अ‍ॅम्प्युल, शिरेतून देतात. फरक पडला नाही तर दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट. छातीतली घरघर गेली आणि नाडी 80 च्या वर आली की दुप्पट करणं थांबवून सलाईनमधून हळूहळू चालू ठेवतात. इंजेक्शनांची संख्या पाहून घाबरू नये.

आता बरळणं. त्या वेळी अंग कोरडं होतं की ओलं, हे आठवा. कोरडी गरम कातडी, तापलेलं अंग, अडलेली लघवी, फुगलेलं पोट असेल तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालं. अशा वेळी ते थोडा वेळ बंद ठेवून कमी वेगाने पुन्हा सुरू करतात. घाम-लाळ सुरूच असेल तर ते कमी पडत होतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे असतात, तिथे अ‍ॅट्रोपिन चालत नाही. म्हणून घाम-लाळ थांबून पेशंट बरा वाटत असतानाही 1 ते 4 दिवसांत स्नायू ढिले पडून श्वास अडू शकतो. पहिली खूण मानेत दिसते: झोपल्या जागी उशीवरून डोकं उचलता येत नाही. तेवढे दिवस सुटीची घाई करू नका.

आणि दवाखान्यात जाताना फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्याच. पायरेथ्रॉइडसारख्या दुसऱ्या गटाच्या कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही.