बॉयलरचा खर्च विचारलात म्हणून

नाशिकहून इंग्लंडमधल्या लीड्सला येताय, नोकरी पक्की झाली आहे, आणि इथल्या घरातल्या गॅस बॉयलरला वर्षाला किती खर्च येतो, पुढे स्वतःचं घर घेतलं तर नवीन बॉयलर केवढ्याला पडतो, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ आहे : 'पत्नी पहिलं वर्ष तरी घरीच असेल, मुलगी सहा वर्षांची आहे.' त्या ओळीमुळे मी लिहायला बसले. व्हिसा, आरोग्य अधिभार वगैरे सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, त्यात मी जात नाही.

आधी आकडे. इथे बहुतेक घरांत स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी असते. ती गॅस जाळून पाणी तापवते. तेच पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे भिंतीलगतच्या लोखंडी पट्ट्यांतून, फिरून खोली तापवतं, आणि नळाचं गरम पाणीही तीच देते. टाकी न लागणाऱ्या प्रकाराला कॉम्बी म्हणतात, तुम्हाला बहुधा तोच मिळेल. ऑफजेम ही इथली ऊर्जेची नियामक संस्था २०२४-२५ मध्ये मध्यम वापराच्या घराला वर्षाला ११,५०० युनिट (किलोवॅट-तास) गॅस धरत होती. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते त्या हिशोबाने हे साठेक सिलिंडर झाले. त्याच काळात युनिटचा दर सहा ते सात पेन्सच्या आसपास होता, आणि गॅस वापरा किंवा नका वापरू, रोजचे तीसेक पेन्स स्थिर आकार वेगळा. म्हणजे मध्यम घराला वर्षाला साधारण ८०० ते ९०० पौंड, फक्त गॅसचे. विजेचा युनिट गॅसच्या जवळपास चौपट पडतो, म्हणून विजेवरचे हीटर लावून गॅस वाचवण्याचा विचार करू नका.

बातम्यांत दर तीन महिन्यांनी 'ऊर्जा दराची कमाल मर्यादा घरटी वर्षाला इतके पौंड' असं येईल. ती मर्यादा युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर असते, तुमच्या बिलावर नाही. जास्त जाळलं की बिल जास्त. आणि हे आठशे पौंड बारा महिन्यांत सारखे पसरलेले नसतात. जुलैमध्ये फक्त अंघोळीपुरता गॅस लागतो, डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र महिन्याला शंभर-सव्वाशे पौंडांचा सहज जळतो. कंपन्या वर्षाचा अंदाज बांधून दरमहा सारखी रक्कम बँकेतून कापून घेतात. तुम्ही नोव्हेंबरात आलात तर उन्हाळ्यातली शिल्लक गाठीशी नसते, त्यामुळे पहिला हिवाळा खात्यावर उणे आकडा दिसला तर घाबरू नका.

खरा खर्च ठरवतं ते घर. लीड्समध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, एकमेकांना चिकटून रांगेत बांधलेल्या लाल विटांच्या घरांची भरपूर वस्ती आहे. त्यांतल्या बऱ्याच घरांच्या भिंती भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. दिसायला फार देखणी. भाडंही परवडतं. पण बॉयलर बंद केला की घर लवकर गार पडतं. प्रत्येक भाड्याच्या घराला ऊर्जेचा दाखला लागतो, त्याला ईपीसी म्हणतात, त्यावर ए ते जी अशी श्रेणी असते, ए सर्वांत चांगली. ई श्रेणीच्या घरात महिन्याला पन्नास पौंड भाडं वाचत असेल तर ते गॅसमध्ये जाईल, आणि वर भिंतीला काळी बुरशी मिळेल. इथे कपडे घरातच वाळवावे लागतात. खोली गार आणि हवा दमट असली की बुरशी धरलीच म्हणून समजा.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

आम्ही २०१४ च्या जानेवारीत आलो, लीड्सला नाही, दुसऱ्या एका शहरात. त्याचं नाव घेत नाही. एजंटने घर दाखवलं आणि सगळी बिलं भाड्यातच असल्याचं सांगितलं. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला ते केवढं सोयीचं वाटतं! गॅसचं खातं घरमालकाच्या नावावर, कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे इथली पालिका, तिचा घरपट्टीसारखा कर) त्याच्याच नावावर. मुलगी सात वर्षांची होती. वर्षाच्या मधेच शाळा हवी तर कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. आमच्या नावावर ना गॅसचं बिल, ना कौन्सिल टॅक्सचं. बँकेचं पत्र आणा म्हणाले, तर बँक म्हणाली गॅसचं नाहीतर विजेचं बिल आणा. घरमालकाचं पत्र दिलं, ते चालेना. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. तिच्या इयत्तेत तिथे जागा होती तेव्हा आमच्याकडे कागद नव्हता. कागद झाला तोवर जागा गेली. मिळाली ती शाळा दोन बस बदलून जायची. तोवर कित्येक आठवडे पोर माझ्यासोबत घरात बसून होती. मधल्या सुट्टीचा गलका ऐकू आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. ती आता विद्यापीठात शिकते. मागे एकदा विचारलं तर म्हणाली, "आई, मला त्यातलं फारसं आठवत नाही." मला सगळं आठवतं, आणि अकरा वर्षांनंतरही तो राग गेलेला नाही.

म्हणून 'बिलं भाड्यात' असलेलं घर लहान मूल असताना घेऊ नका, कितीही स्वस्त वाटलं तरी. ज्या दिवशी किल्ली मिळेल त्याच दिवशी गॅस आणि विजेच्या मीटरचा फोटो काढा, खातं तुमच्या नावावर करून घ्या, आणि जमेल तिथे दोघांचीही नावं घाला. भाडेकरारावरसुद्धा दोघांची. मीटर आधी पैसे भरायच्या प्रकारचा असेल तर आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्यावर चढलेली नाही ना, हे कंपनीला फोन करून विचारा.

आमच्या त्या पहिल्या घरात थर्मोस्टॅटवर, म्हणजे घराचं तापमान ठरवायच्या यंत्रावर, पारदर्शक प्लास्टिकची पेटी बसवलेली होती आणि तिला कुलूप. हीटिंग सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाचनंतर. दिवसा घरात कोणी नसणार हे गृहीत धरलेलं. आम्ही दोघी तर तिथेच होतो! एजंटला फोन केला तर तो करारातलं 'वाजवी वापरा'चं कलम वाचून दाखवायचा. रजईत बसून मी तिला बे ते तीस पाढे म्हणायला लावायची, नाहीतर आम्ही वाचनालयात जाऊन बसायचो, तिथे ऊब असायची. फेब्रुवारीत बॉयलरच बंद पडला आणि 'उद्या माणूस येईल' हे ऐकण्यात बरेच दिवस गेले. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत असू द्या : हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती ही १९८५ च्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. दरवर्षी गॅसची सुरक्षा तपासणीही त्यानेच करून घ्यायची आणि तिचा दाखला तुम्ही राहायला जाण्यापूर्वी तुमच्या हातात द्यायचा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये ज्या खोलीत बॉयलर आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणंही त्याच्यावरच आहे. तक्रार नेहमी लेखी करा, ईमेलने, तारखेसकट.

पुढे मुलगी शाळेत जायला लागली आणि मी एकटी उरले. एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्नीच्या वाट्याला तो येणार आहे, तर लिहिते. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. दुपारी दोन वाजता सांगलीला फोन लावला तर तिकडे साडेसात झालेले, आईची स्वयंपाकाची गडबड. ती म्हणायची, "मग करते गं." आणि तिचं 'मग' होईपर्यंत माझी मुलगी शाळेतून आलेली असायची, मग तिकडे सगळे झोपलेले. रस्त्यावर माणूस दिसत नाही. शेजारीण भली होती, पण 'हॅलो'च्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. मला इंग्रजी येत होतं, सांगलीत मी बँकेत नोकरी केली होती, पण दिवसभर तोंडातून शब्द निघाला नाही की संध्याकाळी बोलायचं सुचत नसे. नवरा घरी आला की मी गप्प, आणि त्याला वाटायचं मी रागावले आहे. गार घरात हे सगळं दुप्पट होतं. आपल्याकडे उन्हात दारात जाऊन बसता येतं, कोणीतरी बोलतंच. इथे घराबाहेरची थंडी घरात आणि घरातली अंगात. मी आल्यावर दोन वर्षं परत जायचं म्हणत होते. अजूनही म्हणते कधीकधी, मनात.

लीड्सला घर घेतलं ते २०१८ मध्ये. बॉयलर जुनाट होता. घर घेण्याआधी जो सर्व्हे होतो त्यात बॉयलर चालवून तपासत नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याच्या वकिलाकडून बसवल्याचा दाखला आणि सर्व्हिसच्या नोंदी मागून घ्या. कॉम्बीच्या जागी कॉम्बी बसवायचा तर सध्या कामासकट दोन ते तीन हजार पौंड धरा. जागा बदलायची किंवा टाकीवाला काढून कॉम्बी करायचा तर आणखी हजारेक. जुन्या पाइपांतला गाळ धुऊन काढणं आणि चुंबकाचा फिल्टर या दोन गोष्टींत काटकसर करू नका, नवीन बॉयलर गाळानेच मरतो. वर्षाची सर्व्हिस ८० ते १२० पौंड. ती चुकवली तर सात-दहा वर्षांची वॉरंटी गेली. काम करणारा 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदलेलाच हवा. त्याचं ओळखपत्र मागितलं तर कोणी वाईट मानत नाही. काम झाल्यावर बिल्डिंग नियमांचा दाखला टपालाने येतो, तो जपून ठेवा, घर विकताना मागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलरऐवजी हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घर तापवणारं विजेवरचं यंत्र) बसवायला ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. घर चांगलं बंदिस्त असेल तर त्याचाही हिशोब मागवा.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, ती फारसं कोणी सांगत नाही. २००५ पासून इथे बसणारे बॉयलर धुरातल्या वाफेचीही उष्णता परत घेतात, पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते नीट जमतं. बसवणारे बऱ्याचदा ७०-७५ वर ठेवून जातात. कॉम्बी असेल तर बॉयलरवरचं रेडिएटरचं तापमान ६० किंवा त्याखाली आणा. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागतो, गॅस मात्र कमी जातो. बॉयलरचं झाकण स्वतः कधीही उघडायचं नाही. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुडून बंद पडला तर बाहेरचा बारीक प्लास्टिकचा पाइप गोठलेला असतो, त्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात गॅस युनिटला दहा पेन्सच्या वर गेला. तोवर आम्ही फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट बसवला होता, आणि त्याचं अ‍ॅप होतं नवऱ्याच्या फोनमध्ये. मी घरून काम करायला लागले होते. दुपारी रेडिएटर गार पडायचे, कारण तिकडे ऑफिसात बसून तो १९ चे १६ करायचा. वाईट माणूस नाही तो, बिलाच्या धास्तीने झोपत नव्हता. पण मला ती कुलपाची पेटी आठवली आणि मी त्याला फोनवर जे बोलले ते लग्नाला अठरा वर्षं होईपर्यंत बोलले नव्हते. भांडण गॅसचं नव्हतंच. या देशात आल्यापासून घरातली ऊब कोणीतरी दुसराच ठरवत होता, आणि घरात मी होते.

तेव्हा तुमच्या हिशोबात वर्षाला दोनशे-अडीचशे पौंड वेगळे धरा, दिवसा घरात असणाऱ्या माणसाच्या उबेचे. सगळं घर तापवायची गरज नाही. रेडिएटरवरचे व्हॉल्व्ह फिरवून इतर खोल्या कमी करता येतात, बसायची खोली १९-२० वर राहू द्या. थर्मोस्टॅटचं अ‍ॅप असेल तर ते दोघांच्याही फोनमध्ये हवं. गॅसचं खातं दोघांच्या नावावर, आणि बिल दोघांनी मिळून वाचायचं.

घर पक्कं करण्याआधी त्याचा ईपीसी आणि गॅसच्या तपासणीचा दाखला मला पाठवा, मी बघून सांगेन. बाकी शाळेचं, बसचं, दिवस कसा जातो याचं जे विचारायचं असेल, ते तुमच्या पत्नीला मला थेट विचारू द्या.