परदेशात राहून गावच्या जमिनीची केस : मोफत वकील मिळतो का?

प्रश्न : माझं माहेर मिरज पूर्व भागातलं. मी शारजात एका पार्लरमध्ये नोकरी करते, पगार जेमतेम. गेल्या वर्षी वडील वारले. गावी साडेचार एकर जमीन आहे, त्यातली दीड एकर द्राक्षबाग. दोन्ही भावांनी आईचं आणि स्वतःची नावं वारस म्हणून लावून घेतली, माझं नाव सांगितलंच नाही. फेरफाराचा फोटो चुलत बहिणीने तीन आठवड्यांपूर्वी पाठवला तेव्हा कळलं. आता थोरला भाऊ मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवून म्हणतो, “कॉन्सुलेटमध्ये सही करून पाठव. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन ठेवता येत नाही.” सांगलीतल्या एका वकिलांच्या ओळखीच्या माणसाने फीऐवजी दहा गुंठे मागितले. पासपोर्ट मालकाकडे, सुट्टी मिळत नाही. मला मोफत वकील मिळेल का? कॉन्सुलेट मदत करेल का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या मसुद्यावर सही करू नका. मोफत वकील तुम्हाला मिळतो, पण सही गेली तर त्या वकिलाचं काम दसपट अवघड होईल.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला कोण पात्र याची यादी आहे. त्यात स्त्री हा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. तिथे पगार दिरहममध्ये मिळतो, नवरा कमावतो, या कारणांनी अर्ज नाकारता येत नाही. राहण्याच्या जागेचीही अट नाही. केस सांगली जिल्ह्यात चालणार, म्हणून अर्ज सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. त्यांचं कार्यालय विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. अर्ज राष्ट्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे नाल्साच्या, संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो. १५१०० ही हेल्पलाइन भारतातून लावायची आहे. तो फोन गावाकडच्या विश्वासू माणसाला करायला सांगा.

अर्ज एका पानाचा ठेवा. बऱ्याच जणी चार पानं भरून भावांची गाऱ्हाणी लिहितात आणि गट नंबर लिहायचा राहतो. मजकूर साधारण असा : “मी कै. … यांची मुलगी. मौजे …, ता. मिरज येथील गट नं. … ही जमीन वडिलांच्या नावे होती. फेरफार क्र. … मध्ये माझे नाव वारस म्हणून नोंदलेले नाही. मला नोटीस मिळालेली नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आणि दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करण्यासाठी वकील मिळावा.” सोबत आधार आणि पासपोर्टची प्रत, सातबारा, फेरफार, वडिलांचा मृत्यू दाखला आणि तुम्ही मुलगी असल्याचा एक पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनं रेशन कार्ड. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढंच प्राधिकरण पाहतं, ते या कागदांतून दिसतं. सातबारा घरबसल्या मिळेल. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत महाभूमीच्या संकेतस्थळावर आहे. गावाकडचा एक माणूस संपर्कासाठी नाव आणि भारतीय मोबाइल क्रमांकासह लिहा. वकिलाने फोन केला आणि लागला नाही, इथेच परदेशातले बरेच अर्ज अडकतात.

नियमाप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. प्राधिकरणाच्या पॅनलवरचा विशिष्ट वकील हवा असेल तर त्याचं नाव अर्जातच सुचवा. अर्ज नाकारला गेला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते. कोर्ट फी, टायपिंग, नकला, समन्सचा खर्च हे सगळं या मदतीत येतं. पॅनलच्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. ‘वरखर्चाला थोडं पाठवा’ असं कोणी म्हणालं तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांना लिहा.

ही मदत फक्त कोर्टापुरती असते असा समज आहे, तो चुकीचा. महसुली अधिकाऱ्यासमोर चालणारी अर्धन्यायिक कामंही कायद्याच्या व्याख्येत बसतात. तुमच्या बाबतीत हेच महत्त्वाचं, कारण पहिली मुदत महसुलातच आहे.

फेरफार मंजूर झाल्यावर त्याविरुद्ध अपील मिरजेच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली. मुदत ६० दिवस. ती आदेश तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात. तरीही तुम्ही सावधपणे मोजा : ज्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तो पहिला दिवस धरा. तीन आठवडे गेले, म्हणजे पाच-साडेपाच आठवडे हातात आहेत. चुलत बहिणीला उद्याच तलाठ्याकडून फेरफाराची आणि वारस नोंदवहीच्या (सहा-क) उताऱ्याची नक्कल घ्यायला सांगा. वारसांचा अर्ज आणि त्यासोबत भावांनी दिलेलं शपथपत्रही मागवा. ‘मयतास याव्यतिरिक्त वारस नाहीत’ असं त्यात बहुधा लिहिलेलं असेल. ते वाक्य अपिलात सगळ्यात जास्त कामाला येईल. कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते, ती तुम्हाला गेली नाही, हा दुसरा मुद्दा. मुदत उलटली तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्या वाटेने जायची वेळ येऊ देऊ नका.

सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे तुमचा हक्क जात नाही. फेरफार ही महसुलाची नोंद असते, मालकी ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम. मग अपिलाची घाई कशाला? कारण नाव नसलेल्या सातबाऱ्यावर भाऊ सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज उचलून ‘इतर हक्कात’ बोजा चढवू शकतात किंवा बागेचा तुकडा विकू शकतात. ‘आपली चावडी’ या सरकारी पानावर गावच्या फेरफाराच्या नोटिसा फुकट दिसतात. आठवड्यातून एकदा पाहत जा.

हिस्सा किती? वडिलांचं मृत्युपत्र नसेल तर चौथा. जमीन वडिलांनी स्वतः घेतली असेल तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार समान वाटे. वडिलोपार्जित असेल तर वडील, आई आणि तीन मुलं असे पाच वाटे धरायचे आणि वडिलांच्या पाचव्या हिश्श्याचे पुन्हा चार करायचे. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे तोच चौथा हिस्सा. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनिता शर्मा निकाल यानंतर मुलीच्या जन्मसिद्ध हक्काबद्दल वाद उरलेला नाही. लग्नात झालेला खर्च या हिशेबात येत नाही. अडचण दोनच ठिकाणी येऊ शकते : मृत्युपत्र निघालं तर, किंवा २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप असेल तर. दुय्यम निबंधक कार्यालयात तेवढा शोध घ्यायला वकिलाला सांगा.

भावाचं ‘परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन ठेवता येत नाही’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

आता मसुदा. त्यात ‘सदर मिळकतीबाबत हक्कसोडपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र लिहून देणे, नोंदणीस हजर राहून कबुली देणे’ अशी एक ओळ असणार. बाकीची दोन पानं बहुतेक वेळा तिच्याभोवतीची सजावट असते. त्या ओळीच्या जोरावर भाऊ तुमच्या वतीने तुमचा हक्क स्वतःलाच सोडून देईल. नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घ्यायला दिवाणी दावा करावा लागतो, तोही कळल्यापासून तीन वर्षांत. कॉन्सुलेट फक्त सही तुमची आहे एवढंच साक्षांकित करतं. आत काय लिहिलंय, त्यात फसवणूक आहे का, हे ते पाहत नाही.

तुम्हाला सुरुवातीला मुखत्यारपत्र लागणारही नाही. वकीलपत्रावर आणि दाव्यासोबतच्या शपथपत्रावर तुमची स्वतःची सही पुरते, फक्त ती कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यासमोर झालेली असावी. शारजा दुबईतल्या भारतीय कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं. घरून सही करून नेऊ नका, तिथे समोर करायची असते. मूळ पासपोर्ट सोबत हवा. पुढे मामेभावासारख्या कोणाला मुखत्यार करावंच लागलं तर पत्र याच केसपुरतं ठेवा आणि त्यात स्पष्ट लिहा : विक्री, हक्कसोड, गहाण, बक्षीस आणि तडजोड यांचा अधिकार नाही. असं पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कपाटात पडून राहिलं की नेमकं सुनावणीच्या दिवशी हे आठवतं.

मुखत्याराला तुमच्या वतीने कागद दाखल करता येतात, पण तुम्हाला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींची साक्ष तो देऊ शकत नाही. त्यासाठी सुट्टी काढून यायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या नियमांप्रमाणे भारतीय दूतावास किंवा कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत साक्ष नोंदवता येते. ती वेळ यायला अवकाश आहे. दावा दाखल झाला की वकिलाकडून सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख आणि रोजनामा तिथून दिसतो. दाव्यासोबत मनाईचा अर्ज (भावांनी जमीन विकू किंवा गहाण टाकू नये म्हणून) आणि दुय्यम निबंधकांकडे दावा प्रलंबित असल्याची नोटीस, ही दोन्ही कामं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवीत.

कॉन्सुलेटच्या पैशातून ही केस लढवता येणार नाही. भारतीय समुदाय कल्याण निधी परदेशातच अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयांसाठी आहे, गावच्या जमिनीच्या वादासाठी नाही. पण पासपोर्टचा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेत येतो. यूएईत कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा तिथला टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२, तिथे सल्ला मोफत मिळतो. तिथल्या कामगार मंत्रालयाकडेही तक्रार करता येते. आधी मालकाला ‘कॉन्सुलेटच्या कामासाठी एक दिवस पासपोर्ट हवा’ असं लेखी मागा, मेसेज चालेल. नकार आला तर तोच मेसेज पुरावा होतो.

दहा गुंठ्यांचा व्यवहार साफ नाकारा. निकालावर फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मना आहे. मध्यस्थाने मागितला तरी फरक पडत नाही. खासगी वकीलच हवा असं वाटलं तर अपील, मनाई अर्ज, दावा, साक्ष अशी टप्प्यांनी फी लेखी ठरवा आणि बँकेतूनच भरा. माझं मत विचाराल तर अपील आणि दावा प्राधिकरणाच्या वकिलाकडे द्या. खर्च करायचाच तर तो नकलांवर आणि एकदा कागद बाहेरच्या जाणत्या वकिलाला दाखवण्यावर करा. पॅनलचा वकील तारखांना गैरहजर राहू लागला तर सचिवांना सीएनआर क्रमांकासह लिहून वकील बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

दाव्याआधी प्राधिकरणाकडून भावांना तडजोडीसाठी बोलावून घेता येतं, तेही विनामूल्य. आई मध्ये आहे, म्हणून हा प्रयत्न मी जरूर करेन. मात्र अपिलाचे ६० दिवस त्यासाठी थांबत नाहीत. आधी अपील दाखल, मग बैठक. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही, तेव्हा गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्याशिवाय सही नको. द्राक्षबागेत पाण्याचा हिस्सा ठरला नसेल तर जमिनीचा हिस्सा कागदावरच राहतो.

भावाला आज एवढंच कळवा : “मसुदा वकिलांना दाखवून सांगते.” त्याचे मेसेज, मसुद्याची फाइल आणि बहिणीने पाठवलेला फोटो खोडू नका. फोन बदलायचा असेल तर जुना विकू नका; हे मेसेज कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.