निरोगी माणसाचाही मेंदू म्हातारपणी मंदावतो का?
हो, पण सगळा सारखा नाही. नाव ओठांवर येऊन अडकतं, हिशेबाला वेळ लागतो; शब्दसंपत्ती मात्र बहुधा सत्तरीतही शाबूत असते. स्मरणशक्तीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग उतारवयात दरवर्षी साधारण १ ते २ टक्के आकसतो. गंमत म्हणजे याचा पायांशी संबंध आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर, आठवड्यातून ३ दिवस भरभर चालले. त्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. स्नायूंचं म्हणाल तर आकारापेक्षा ताकद लवकर ओसरते, म्हणून थोडं वजन उचलणंही हवं. चालताना कुणाशी बोलायचं तर थांबावंच लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मी तरी ते नुसतं वय म्हणून सोडणार नाही.